नवव्या इनिंगचा पिचर: मनाचा कणखरपणा मोठा की हातातली ताकद? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

क्रिकेट खेळत आणि बघत मोठी झालेली मराठी माणसं अमेरिकेत स्थिरावली की हळूहळू बेसबॉलकडे वळतात. ऑक्टोबरमधले बाद फेरीचे सामने बघताना एक वाद हमखास निघतो: शेवटच्या इनिंगला येणारा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) कशाच्या बळावर टिकतो, मनाच्या की हाताच्या? त्या वादातून येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

रिलीव्हर कोण आणि क्लोझर कोण?

सामना सुरू करतो तो स्टार्टर. तो दमला, मार खाऊ लागला किंवा मॅनेजरला बदल हवासा वाटला, की बुलपेनमधून जो येतो तो रिलीव्हर. बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेची, या मंडळींची हात गरम करण्याची जागा. २६ जणांच्या संघात साधारण आठ रिलीव्हर असतात. त्यांतला जो आघाडी राखायला नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला येतो तो क्लोझर. टी-ट्वेंटीत एकोणिसावी किंवा विसावी ओव्हर ज्याच्या हाती देतात तो गोलंदाज डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की त्या गोलंदाजाला सात-आठ धावा गेल्या तरी खपतात. इथे पुष्कळदा एक चेंडू चुकला की खेळ संपतो.

‘सेव्ह’ कशाला म्हणतात?

संघ पुढे असताना शेवटचा पिचर म्हणून येऊन आघाडी राखली, तर सेव्ह नावावर लागतो. नेहमीची अट अशी: आघाडी तीन धावांची किंवा त्याहून कमी हवी, आणि निदान एक पूर्ण इनिंग टाकायला हवी. आघाडी गेली तर तो ‘ब्लोन सेव्ह’. शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी ही कल्पना पुढे आणली आणि १९६९ पासून हा अधिकृत आकडा झाला.

क्लोझरच्या मनाबद्दल जे गूढ तयार झालं आहे त्याला हा आकडा बराच जबाबदार आहे, असं मला वाटतं. तीन धावांची आघाडी घेऊन नवव्या इनिंगला उतरणारे संघ शंभरात पंचाण्णवहून जास्त वेळा जिंकतात, पिचर कोणीही असो. खरी परीक्षा एका धावेच्या आघाडीची. सेव्हच्या रकान्यात मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

सरळ सांगा, मन की गुणवत्ता?

नवव्या इनिंगपर्यंत पोहोचवते ती गुणवत्ता. तिच्याशिवाय मनाची परीक्षा घ्यायची वेळच येत नाही. आज मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या बेसबॉलची सर्वोच्च पातळी) रिलीव्हरच्या फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी १५० किलोमीटरच्या पुढे आहे, आणि त्याच्या जोडीला फलंदाजाला हुकवणारा आणखी एक चेंडू लागतो. हे नसेल तर कितीही धीराचा माणूस तिथे टिकत नाही.

मनाचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते लोक समजतात त्यापेक्षा वेगळं आहे. ते काम म्हणजे न घाबरणं नव्हे. काल ज्या चेंडूवर होम रन (थेट कुंपणापार गेलेला फटका, आपला षटकारच) बसली, तोच चेंडू आज तितक्याच विश्वासाने टाकणं, हे ते काम. बाकी ज्याला आपण ‘काळीज’ म्हणतो ते बहुतेक वेळा निकाल लागल्यावर चिकटवलेलं लेबल असतं. जिंकला तर वाघ, हरला तर लेचापेचा. ही पद्धत मला मनापासून खटकते, कारण तिच्यामुळे खऱ्या माणसांचं नुकसान होतं.

पण मारियानो रिव्हेरा? तो तर निव्वळ मनाचा खेळाडू होता ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर थोडं लांब देतो.

रिव्हेरा पनामातल्या पुएर्तो कायमितो या मच्छीमारांच्या गावचा. न्यूयॉर्कच्या यांकी संघाने १९९० मध्ये त्याला अवघ्या काही हजार डॉलरवर घेतलं. १९९५ मध्ये तो स्टार्टर म्हणून मेजर लीगमध्ये आला आणि फारसा चमकला नाही. १९९६ मध्ये तो बुलपेनमध्ये गेला, १९९७ मध्ये क्लोझर झाला. त्याच वर्षी सहकारी रामिरो मेंडोझाशी नुसतं झेल-झेल खेळताना त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी आपोआप वळू लागला. तोच पुढे जगप्रसिद्ध झालेला कटर. डावखुऱ्या फलंदाजाच्या मुठीकडे घुसणारा हा चेंडू इतक्या बॅटी मोडायचा, की २०१३ मध्ये तो निवृत्त होताना मिनेसोटाच्या संघाने त्याला मोडक्या बॅटींची खुर्ची करून भेट दिली.

आता मनाकडे येऊ. १९९७ च्या बाद फेरीत क्लीव्हलंडच्या सँडी अलोमारने त्याला होम रन मारली आणि यांकी ती मालिका हरले. २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या (विजेतेपदाची अंतिम मालिका) सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगला, हातात आघाडी असताना ॲरिझोनाने त्याच्याकडून विजेतेपद काढून घेतलं. त्या इनिंगमध्ये त्याने स्वतः एक चेंडू दुसऱ्या बेसकडे (बेस म्हणजे धावणाऱ्याने गाठायचा टप्पा) चुकीचा फेकला होता, आणि शेवटी लुईस गॉन्झालेझचा अलगद उडालेला फटका इनफिल्डच्या मागे पडला. २००४ मध्ये बॉस्टनविरुद्ध यांकी ३-० ने पुढे असताना चौथ्या सामन्यात डेव्ह रॉबर्ट्सने बेस चोरला (फटक्याची वाट न बघता धावत पुढचा बेस गाठला), बिल म्युलरने बरोबरी साधली आणि तिथून मालिका उलटली. पुढच्या वर्षी बॉस्टनच्या मैदानात त्यांच्या विजेतेपदाच्या अंगठ्यांचा समारंभ होता. तिथल्या प्रेक्षकांनी रिव्हेराचं नाव येताच मुद्दाम टाळ्यांचा कडकडाट केला. तो हसला, टोपी उंचावली, आणि त्या मोसमात १.३८ ईआरएने ४३ सेव्ह केले. (ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा; जितका कमी तितका चांगला.)

एकूण हिशेब ६५२ सेव्ह, ब्लोन सेव्ह ८०. बाद फेरीतला ईआरए ०.७०. हॉल ऑफ फेमच्या (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या) मतदानात २०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५ मतं; असं एकमत आधी कोणालाच मिळालं नव्हतं. यात मला सर्वांत बोलका आकडा ८० हा वाटतो. या कामात आजवरचा सर्वोत्तम मानलेला माणूस ऐंशी वेळा आघाडी घालवून बसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच कटर घेऊन उभा राहिला. मन मोठं होतंच. पण विश्वास ठेवायला त्याच्यापाशी असा चेंडू होता, की फलंदाजाला आधी सांगून टाकला तरी नीट लागत नसे. त्याची शांती आणि त्याचा कटर वेगळे काढून मोजता येत नाहीत.

एका मोठ्या आघाताने पिचर कायमचा खचतो का? ब्रॅड लिजचं काय झालं?

लिजची गोष्ट मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती दोन्ही बाजूंच्या मतांना अडचणीत आणते.

२००४ मध्ये ह्यूस्टनसाठी त्याने ९४.२ (म्हणजे ९४ पूर्ण आणि दोन-तृतीयांश) इनिंगमध्ये १५७ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. गुणवत्तेबद्दल शंका नव्हती. १७ ऑक्टोबर २००५ रोजी ह्यूस्टन इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये जायला एक स्ट्राइक दूर होतं. डेव्हिड एकस्टाईनने हिट काढली, जिम एडमंड्सला वॉक (चार चेंडू बाहेर गेल्यामुळे फुकट पहिला बेस) मिळाला, आणि अल्बर्ट पुहोल्सने स्लायडरवर (आडवा वळणारा वेगवान चेंडू) होम रनचा असा फटका मारला की स्टेडियम गप्प झालं. पुढचा सामना जिंकून ह्यूस्टन वर्ल्ड सिरीजमध्ये गेलंच, पण तिथे दुसऱ्या सामन्यात स्कॉट पॉडसेडनिकने लिजला सामना संपवणारी होम रन मारली. अख्ख्या नियमित मोसमात पॉडसेडनिकची एकही होम रन नव्हती. २००६ मध्ये लिजचा ईआरए ५.२८ झाला आणि ‘पुहोल्सने त्याला संपवलं’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येऊ लागलं.

मग फिलाडेल्फियाने त्याला घेतलं. २००८ च्या नियमित मोसमात ४१ पैकी ४१ सेव्ह, बाद फेरीत ७ पैकी ७. वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बळी त्याचाच, त्याच स्लायडरवर, आणि तो गुडघ्यांवर बसला तो क्षण फिलाडेल्फियातल्या लोकांच्या मनात अजून ताजा आहे. ‘बघा, मनाने सावरला!’ असं सगळे म्हणाले.

मग आलं २००९. एकही विजय नाही, ८ पराभव, ७.२१ ईआरए, ११ ब्लोन सेव्ह. डोक्यावर विजेतेपद होतं, कुठलंही भूत मागे नव्हतं. पण गुडघा आणि कोपर दुखत होतं.

मन हेच सगळं असेल तर २००९ चा उलगडा होत नाही. मन काहीच नसेल, तर २००५ नंतर परत येऊन एकही संधी न दवडणं हेही नुसत्या हाताने होत नाही. माझ्या मते लिजने सिद्ध केलं ते हे, की आघातातून माणूस बाहेर येऊ शकतो, मात्र शरीर साथ देत असेल तर.

खचलेले पिचरही आहेत ना?

आहेत. अटलांटाचा मार्क वोलर्स ताशी १६० किलोमीटरच्या आसपास फेकायचा. १९९६ च्या वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात त्याने जिम लेयरिट्झला स्लायडर टाकला, होम रन गेली आणि ६-० ने मागे पडलेल्या यांकी संघाने बरोबरी केली. १९९८ मध्ये त्याच्या फेकीवरचा ताबा पूर्ण सुटला: २०.१ इनिंगमध्ये ३३ वॉक. लोकांनी दोन्ही घटना लगेच जोडल्या. मधलं १९९७ साल तो चांगला खेळला होता, हे मात्र कोणी सांगत नाही.

उलट डेनिस एकर्स्ली बघा. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही पाय दुखावलेल्या कर्क गिब्सनने त्याला मारलेली होम रन अमेरिकेत आजही दाखवतात. त्यानंतर १९९० मध्ये त्याचा ईआरए ०.६१ होता आणि ७३.१ इनिंगमध्ये त्याने फक्त ४ वॉक दिले. १९९२ मध्ये साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) हे दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले. गिब्सनच्या आधीच, १९८७ च्या सुरुवातीला, त्याने दारूच्या व्यसनावर उपचार घेतले होते. एका होम रनपेक्षा खूप मोठी लढाई तो आधीच लढला होता.

बायुंग-ह्युन किमचं नावही घ्यायला हवं. २००१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सलग दोन रात्री, नवव्या इनिंगला दोन बळी गेलेले असताना, या २२ वर्षांच्या कोरियन पोराने बरोबरी करून देणाऱ्या होम रन खाल्ल्या. पुढच्या वर्षी त्याने ३६ सेव्ह केले आणि तो ऑल-स्टार (मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या) संघात होता.

नेमक्या वेळी हात ‘विसरतो’ म्हणजे काय होतं?

वर्षानुवर्षं घोटलेली क्रिया शरीर आपसूक करतं. दडपण आलं की माणूस तिच्यावर जाणीवपूर्वक लक्ष ठेवू लागतो: कोपर कुठे आहे, चेंडू केव्हा सोडायचा. मानसशास्त्रज्ञ सियन बायलॉक यांनी गोल्फ खेळणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांतून हीच गोष्ट पुढे आली, की सरावलेल्या हाताला अशी देखरेख मारक ठरते. रिलीव्हरला तर सावरायला वेळच नसतो. स्टार्टरची पहिली इनिंग बिघडली तर त्याच्यापुढे आणखी पाच असतात. रिलीव्हरच्या वाट्याला मोजके पंधरा-वीस चेंडू येतात.

म्हणून चांगले प्रशिक्षक ‘घाबरू नकोस’ असं सांगत नाहीत. ते हाताला धरता येईल असं काहीतरी देतात: श्वास सोड, कॅचरच्या ग्लोव्हवरची एक जागा बघ, तिथे टाक. हार्वी डॉर्फमन यांनी १९८० च्या दशकात ओकलंडच्या संघाबरोबर अशा मानसिक सरावाचं काम सुरू केलं तेव्हा ते नवलाचं होतं. आता मेजर लीगच्या संघांत हे काम करणारे लोक सर्रास दिसतात.

डॅनियल बार्डला नक्की काय झालं होतं? तो मनाने कमजोर होता का?

नाही. आणि हा शब्द त्याच्याबद्दल कोणी वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बॉस्टनसाठी २०१० मध्ये बार्डचा ईआरए १.९३ होता. २०१२ मध्ये त्याला स्टार्टर केलं आणि त्याचा फेकीवरचा ताबा गेला. बेसबॉलमध्ये याला ‘यिप्स’ म्हणतात. २०१४ मध्ये मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पातळीवर) त्याने १८ फलंदाजांना चेंडू टाकले. त्यांतल्या नऊ जणांना वॉक मिळाला आणि सात जणांना चेंडू लागला. २०१७ मध्ये तो निवृत्त झाला आणि ॲरिझोनाच्या संघात तरुण खेळाडूंना मानसिक आधार देण्याचं काम करू लागला. त्या पोरांबरोबर सहज चेंडू फेकताना हात पुन्हा मोकळा झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. २०२० मध्ये, सात वर्षांनी, तो कोलोरॅडोकडून मेजर लीगमध्ये परतला. नॅशनल लीगचा पुनरागमनाचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि २०२२ मध्ये ३४ सेव्ह, ईआरए १.७९.

मग मार्च २०२३ मध्ये, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये (देशांच्या संघांची स्पर्धा), त्याच्या चेंडूने होजे अल्तुवेचा अंगठा मोडला. मोसम सुरू होताना बार्डने उघडपणे सांगितलं की चिंतेचा त्रास पुन्हा होतो आहे, आणि तो जखमी खेळाडूंच्या यादीत गेला. हजारो लोकांसमोर चेंडू घेऊन उभं राहण्याइतकंच धैर्य त्या कबुलीला लागलं असणार. सात वर्षांनी परत आलेल्या माणसाला कमजोर म्हणायचं तर कणखर कोणाला म्हणायचं?

ताशी १६९ किलोमीटर वेग असला तर मनाची गरज काय?

अरोल्डिस चॅपमनने २४ सप्टेंबर २०१० रोजी ताशी १०५.१ मैल, म्हणजे १६९ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. शिकागोकडून खेळणाऱ्या त्याच चॅपमनला २०१६ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, आठव्या इनिंगला, राजाइ डेव्हिसने बरोबरीची होम रन मारली. आधीच्या दोन सामन्यांत भरपूर चेंडू टाकून तो थकला होता आणि वेग उतरला होता. तरी नवव्या इनिंगला तो पुन्हा आला, एकही धाव दिली नाही आणि शिकागोने दहाव्या इनिंगमध्ये सामना जिंकला. आठव्या इनिंगला धैर्य नव्हतं आणि नवव्याला उगवलं, असं कोणी म्हणणार आहे का?

दुसऱ्या टोकाला ट्रेव्हर हॉफमन. मूळचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक. खांदा दुखावल्यावर त्याचा वेग गेला, तेव्हा त्याने चेंजअप (वेगवान वाटणारा पण हळू येणारा चेंडू) घडवला आणि ६०१ सेव्हपर्यंत पोहोचला. माझ्या लेखी खरा कणखरपणा हा आहे. हजारो वेळा तोच चेंडू, रिकाम्या मैदानात.

एका मोसमात भारी, पुढच्या मोसमात साधारण. असं रिलीव्हरच्या बाबतीत इतकं का होतं?

कारण मोसमभरात त्याच्या वाट्याला साठ-सत्तर इनिंग येतात. चाळीस संधींपैकी पाच गमावल्या तर तो उत्तम, आठ गमावल्या तर वर्तमानपत्रात टीका. मधला फरक तीन संधींचा. त्यातला एखादा फटका वाऱ्याने कुंपणापार गेलेला असतो, एखाद्या वेळी सहकाऱ्याच्या हातून चेंडू निसटलेला असतो. इतक्या थोड्या चेंडूंवरून कोणाच्या स्वभावाचा निवाडा करणं मला अन्यायाचं वाटतं.

मॅनेजरचा यात काही वाटा असतो का?

मोठा असतो. २०१६ मध्ये बाल्टिमोरच्या झॅक ब्रिटनने ४७ पैकी ४७ सेव्ह केले, ईआरए ०.५४. टोरँटोविरुद्धच्या वाइल्ड कार्ड सामन्यात (हरलं की मोसम संपला असा एकच सामना) मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी आघाडी मिळण्याची वाट बघत त्याला बुलपेनमध्येच ठेवलं. अकराव्या इनिंगला उबाल्डो हिमेनेझच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासियोनने होम रन मारली आणि बाल्टिमोरचा मोसम संपला. सर्वोत्तम हात आणि सर्वोत्तम मन, दोन्ही बाकावर बसून राहिली.

पिच क्लॉकमुळे मनावरचं दडपण वाढलं का?

पिच क्लॉक म्हणजे पिचरला बांधून दिलेली वेळ: २०२३ पासून बेस रिकामे असताना १५ सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. पूर्वी क्लोझर माऊंडमागे (जिथून चेंडू टाकतात तो उंचवटा) फिरून, माती चाचपून स्वतःला सावरायचे. ते गेलं. पण मनात विचार घोळवायलाही वेळ उरला नाही, आणि काहींना त्याचा फायदाच झाला असावा, असा माझा कयास आहे.

भारतातला कोणी या वाटेने गेला आहे का?

हो. उत्तर प्रदेशचा भालाफेकपटू रिंकू सिंग. २००८ मध्ये भारतात चेंडू वेगाने फेकण्याची एक स्पर्धा झाली. ती त्याने जिंकली आणि पिट्सबर्गच्या संघाने त्याला व दिनेश पटेलला करारबद्ध केलं. स्पर्धेआधी दोघांनी बेसबॉलचा चेंडू हातात धरलेला नव्हता. रिंकू काही मोसम मायनर लीगमध्ये खेळला, पुढे दुखापतींनी घेरला. कच्च्या ताकदीवर किती दूर जाता येतं आणि पुढे किती वर्षांचं शिक्षण लागतं, हे दोन्ही त्याच्या प्रवासात दिसतं. भाषा, जेवण, खेळ, सगळं परकं असताना तो टिकून राहिला याचं मला फार अप्रूप आहे.

माझा मुलगा लिटल लीगमध्ये पिचिंग करतो. प्रशिक्षक त्याला शेवटच्या इनिंगला टाकतात आणि तो रडतो. काय करू?

आधी हात सांभाळा. लिटल लीगमध्ये ९-१० वर्षांच्या मुलाला दिवसाला ७५ आणि ११-१२ वर्षांच्या मुलाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती सक्तीची आहे. तो दोन संघांत खेळत असेल तर दोन्हींचा हिशेब तुम्हीच ठेवा, कारण एका प्रशिक्षकाला दुसऱ्याकडचे चेंडू ठाऊक नसतात.

रडणं ही खोड नाही. दहा वर्षांच्या मुलाने हरल्यावर रडावं. गाडीत बसल्या बसल्या ‘तो चेंडू असा का टाकलास?’ हे विचारू नका, आणि ‘वाघासारखा राहा’ असंही म्हणू नका. जेवण होऊ द्या. दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःहून फेकायला जावंसं वाटलं तर ग्लोव्ह घेऊन त्याच्यासमोर बसा. नाही वाटलं तर काही सामने त्याला दुसऱ्या इनिंगला किंवा दुसऱ्या जागेवर खेळवा, असं प्रशिक्षकांना मोकळेपणाने सांगा. रिव्हेराही विशीपर्यंत शॉर्टस्टॉपला खेळत होता.